बाटलीचं नाक

रॉकेट वर जाणार म्हणून आम्ही दोघी माना वर करून उभ्या होतो, आणि ते निघालं थेट वॉचमनकाकांच्या डब्याकडे. जेमतेम पुरुषभर उंच गेलं, हवेतच गिरकी घेतली आणि नाक खाली करून सुसाट सुटलं. डबा वाचला, काका वाचले, त्यांच्या खुर्चीच्या पायाला मात्र दणका बसला. काकांनी तोंडातला घास संपवला, डब्याला झाकण लावलं आणि शांतपणे विचारलं, "ताई, हे वर जायचं होतं ना?"

वर जायचं होतं. त्याचसाठी तर मी त्याच्या बुडाला दीडशे ग्रॅम शाडू थापला होता.

शाडूची अक्कल माझी. मी पुण्यात कर्वेनगरात घरी ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. खाली वजन आलं की कापड सरळ पडतं, हे मला कुणी शिकवायला नको. फॉल लावलेल्या साडीच्या निऱ्या वाऱ्यानं विस्कटत नाहीत. पडद्याच्या दुमडीत वजनाची साखळी ओवली की पडदा फडफडत नाही. गवंड्याचा ओळंबा घ्या, नाहीतर लहानपणची ती कितीही पाडली तरी उठून बसणारी बाहुली घ्या. जे खाली जड ते स्थिर. मग कोल्ड्रिंकच्या बाटलीचं रॉकेट तेवढं वेगळं कशाला असेल?

हे सगळं सुरू झालं भाचीमुळे. आठवीची परीक्षा आटोपून ती साताऱ्याहून सुट्टीला आली होती. कुठल्याशा शिबिरात तिनं पाण्याचं रॉकेट उडताना पाहिलं होतं. बाटलीत तिसरा हिस्सा पाणी, उरलेल्या जागेत पंपानं दाबून भरलेली हवा, तोंड खाली. तोंड मोकळं झालं की हवा पाण्याला ढकलते, पाणी खाली सुटतं आणि बाटली वर. आल्या आल्या तिनं माझ्या खोलीवर नजर फिरवली. "मावशी, तुझ्याकडे कात्री आहे, टेप आहे, खडू आहे, ग्लू गनपण आहे. रॉकेटला आणखी काय लागतं?" लग्नसराई तोंडावर होती, अकरा ब्लाऊज कापून पडले होते. मी म्हटलं, दोन दिवसांचं काम आहे. तीन आठवडे गेले.

उडवायच्या यंत्राबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात आम्ही फारशा अडकलो नाही. प्लंबरच्या दुकानातून अर्ध्या इंची पाइप आणला. तो बाटलीच्या तोंडात जेमतेम बसतो, वर एक रबरी रिंग चढवली की हवा सुटत नाही. पाइपाभोवती केबल टायांचा जुडगा असा बांधायचा की त्यांची डोकी बाटलीच्या गळ्याच्या कड्याला धरून ठेवतील. त्या डोक्यांवर मोठ्या पाइपाचा तुकडा सरकवायचा आणि त्याला दोरी. दोरी ओढली की तुकडा खाली येतो, टाय सुटतात, बाटली मोकळी. खालच्या टोकाला व्हॉल्व्ह बसवायचा होता. आमच्या कोपऱ्यावरचे सायकलवाले काका म्हणाले, सायकलच्या ट्यूबचा नको, स्कूटरचा घ्या. सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची व्हॉलट्यूब असते, हवेला आधी ती ढकलावी लागते, म्हणजे पंपाचा काटा एक सांगणार आणि बाटलीत हवा त्याहून कमी असणार. "किती हवा टाकणार?" त्यांनी विचारलं. काट्यावर साठ पौंड, असं भाचीनं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लांब उभ्या राहा," एवढंच म्हणाले.

आम्ही लांबच उभ्या राहायचो. सहा मीटरची दोरी, हवा भरल्यावर बाटलीजवळ कुणीही जायचं नाही, ओरखडा पडलेली बाटली सरळ भंगारात. कोल्ड्रिंकची बाटली साठाच्या वरही पुष्कळ सोसते, पण ती किती सोसते हे आपल्या हातात बघण्यात काही शहाणपणा नाही. साधी पाण्याची पातळ बाटली तर या कामाला आणूच नये.

तर शाडूच्या आदल्या दिवशी आम्ही नुसती बाटली उडवली होती. मागे जाड पुठ्ठ्याचे तीन पंख चिकटवलेले, पुढे एका कापलेल्या बाटलीचं पोकळ टोपरं. ती सुटली मात्र झकास. सूंऽऽ आवाज, पायांवर पाण्याचा फवारा, आणि दोन मजले वर गेल्यावर तिनं कोलांट्या मारायला सुरुवात केली. जत्रेतल्या पाळण्यासारखी गोल गोल फिरत ती हवेतच थांबल्यासारखी झाली आणि पिशवी पडावी तशी पडली. त्यावर माझा उपाय म्हणजे शाडू. गेल्या गणपतीचा उरलेला शाडू भिजवून बाटलीच्या गळ्याभोवती कडं केलं, जोडव्यासारखं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मैदानावरून परत येताना रसवंतीत बसलो. भाची बराच वेळ ग्लासातला बर्फ हलवत होती. मी तिला फॉलचं तत्त्वज्ञान पुन्हा एकदा ऐकवलं आणि म्हटलं, कदाचित शाडू कमी पडला असेल. त्यावर ती म्हणाली, "मावशी, साडी कमरेला खोचलेली असते. रॉकेट कशाला खोचलंय?"

मी ग्लास खाली ठेवला.

ओळंबा वरून टांगलेला असतो. पडदा दांडीला असतो. उठून बसणारी बाहुली जमिनीवर टेकलेली असते. खालचं वजन सरळ करतं ते वर किंवा खाली काहीतरी धरून असतं म्हणून. हवेत सुटलेल्या वस्तूला कुणीच धरलेलं नसतं. ती फिरते ती स्वतःच्याच तोलाच्या बिंदूभोवती, म्हणजे बोटावर आडवी ठेवली तर जिथे तोल सांभाळते त्या जागेभोवती. पृथ्वीची ओढ त्या बिंदूतूनच जाते, त्यामुळे ती ओढ रॉकेटला नुसतं खाली खेचते. सरळही करत नाही, वाकडंही करत नाही. वळवतो तो वारा. आणि वाऱ्याच्या सगळ्या दाबाचा मिळून एक बिंदू असतो, जणू तिथेच कुणी बोट लावून ढकलतंय. तो बिंदू तोलाच्या मागे असेल तर वारा शेपटीला मागे ढकलतो आणि नाक पुन्हा समोर येतं. तो पुढे असेल तर वारा नाकालाच बाजूला लोटतो, मग बाटली उलटी होते आणि वॉचमनकाकांचा डबा शोधते.

माझ्या शाडूनं तोलाचा बिंदू उचलून पार बुडाशी नेला होता. वाऱ्याचा बिंदू पुढे राहिला. नेमकं उलटं झालं.

या चुकीत मी एकटी नव्हते हे कळल्यावर बरं वाटलं. पातळ इंधनावर उडालेलं जगातलं पहिलं रॉकेट रॉबर्ट गोडार्ड यांचं. 16 मार्च 1926 रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न गावी त्यांनी ते एका शेतात उडवलं. त्यांचं मोटर होतं सगळ्यात वर, आणि पेट्रोल नि द्रवरूप ऑक्सिजनच्या टाक्या खाली लटकलेल्या. वरून ओढलं की खालचं आपोआप सरळ राहील, हाच हिशेब. म्हणजे फॉलच की. पण मोटर काही आकाशाला खोचलेलं नसतं. रॉकेट कललं की मोटरही कलतं आणि ओढतं ते त्या कललेल्याच दिशेला. ते रॉकेट अडीच सेकंद उडालं, 41 फूट वर गेलं आणि कोबीच्या वाफ्यात पडलं. पुढे गोडार्डनी मोटर खाली नेलं. ते शेत त्यांच्या नात्यातल्या आंट एफी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईंचं होतं. आंट म्हणजे आत्या, काकू की मामी यात न शिरता आम्ही सोयीनं त्यांना मावशीच ठरवून टाकलं.

खरं उत्तर घरातच होतं, माळ्यावर. दुसऱ्या दिवशी भाचीनं बॅडमिंटनची जुनी रॅकेट काढली आणि गच्चीवर जाऊन फूल मुद्दाम पिसांकडून वर फेकलं. वर जाता जाता ते गर्रकन वळलं आणि बूच पुढे करून खाली आलं. पुन्हा फेकलं, पुन्हा तेच. कसंही फेका, फूल बूच पुढे केल्याशिवाय राहत नाही. सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आसपास वजन, त्यातलं बरंचसं त्या इवल्या बुचात. मागे सोळा पिसांचा हलका, पसरट घेर. वजन पुढे, वारा मागे. आणि हा खेळ तर आपल्याच गावचा म्हणायला हरकत नाही. एकोणिसाव्या शतकात इथल्या छावणीतले इंग्रज अधिकारी तो खेळायचे तेव्हा त्याला 'पूना' म्हणत. बॅडमिंटन हे नाव मागाहून रुळलं. पुण्यात जन्म काढला, शाळेत बॅडमिंटन खेळले, आणि फुलाकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

दिवाळीच्या रॉकेटची काडीही तेव्हाच डोक्यात शिरली. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात धाकट्या भावानं एकदा काडी अर्धी मोडली होती. हलकं झालं की उंच जाईल, असं त्याचं गणित. ते रॉकेट समोरच्या माडीत शिरलं आणि एका पांढऱ्याशुभ्र धोतराला भोक पाडून विझलं. भावाला त्या दिवाळीत पुन्हा फटाका मिळाला नाही. काडी वजनाला किरकोळ, पण लांब; वाऱ्याला मागे लांबवर धरायला जागा देते. तीच अर्धी झाल्यावर दुसरं काय होणार?

आता नाकात काय घालायचं हा प्रश्न आला. शाडू आधी नाकातही घालून पाहिला. तो वाळतो, तडकतो आणि पहिल्याच आपटण्यात त्याची भुकटी होते, तोल दर उड्डाणाला वेगळा. दगड, लोखंड वगैरे वस्तू मी साफ नाकारल्या. उंचावरून खाली येणाऱ्या टोकात कडक काही नको. शेवटी पार्किंगमध्ये, एका गाडीखाली वर्षभर पडून असलेला पोरांचा टेनिसचा बॉल मिळाला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर 57 ग्रॅम. बाटलीच्या टोपऱ्यात असा बसला की जणू त्याच मापाचा बेतला होता. पडला तरी टप्पा घेतो, कुणाला इजा नाही.

मागच्या पंखांना पुठ्ठा चालत नाही, पहिल्याच फवाऱ्यात भिजून लोळागोळा होतो. निवडणुकीचे आणि 'जागा भाड्याने देणे आहे'चे फलक ज्याचे करतात तो पोकळ प्लॅस्टिकचा सनपॅक घेतला. हलका, ताठ, कटरनं कापला जातो. तो चिकटवताना मी माझी लटकन चिकटवायची ग्लू गन बाटलीलाच लावली आणि प्लॅस्टिक तिथल्या तिथे आक्रसलं. या बाटल्यांचं प्लॅस्टिक पंचाहत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि गनमधला गोंद त्याहून कितीतरी गरम. एक बाटली वाया गेली. मग दुसऱ्या बाटलीचा मधला भाग बांगडीसारखा कापला, पंख त्या बांगडीला चिकटवले आणि बांगडी रॉकेटवर चढवून टेपनं घट्ट केली. हवा भरायच्या बाटलीला चिकटपट्टीपलीकडे काहीही लावायचं नाही, हा नियम तेव्हापासून.

पंख समान अंतरावर बसवणं मात्र माझ्या हातचं काम. घेराला कागदाची पट्टी गुंडाळली, जिथे टोकं भेटली तिथे खूण केली. पट्टी सरळ केली तर 34 सेंटीमीटर. तिच्या तीन घड्या, खडूच्या खुणा, पुन्हा गुंडाळली. एक पंख जरा तिरपा बसला तर रॉकेट स्वतःभोवती फिरतं. भाचीचं म्हणणं, थोडं फिरलं तर चांगलंच, कुठला एक दोष एकाच बाजूला ओढत राहत नाही. मला तिरकी टीप बघवत नाही. मी उसवून पुन्हा लावले.

आता बिंदू. तोलाचा बिंदू सोपा, बाटली आडवी करून पट्टीच्या कडेवर ठेवायची आणि जिथे थांबेल तिथे खडू ओढायचा. वाऱ्याचा बिंदू कसा काढायचा? भाचीनं कुठेतरी वाचून आणलेली युक्ती ऐकली आणि मी हसले, कारण ती सरळ पेपर कटिंग होती. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा, रॉकेट त्यावर आडवं ठेवून पंखांसकट त्याची बाहेरची रेघ पुरत्या मापात काढायची, कापायची आणि तो कापलेला आकार पट्टीच्या कडेवर तोलायचा. तो जिथे तोल धरतो तिथे वाऱ्याचा बिंदू, अंदाजानं. पुठ्ठा सगळीकडे सारख्याच जाडीचा असल्यामुळे तो वजन नाही, क्षेत्रफळ तोलतो.

दोन डाव मांडले. आधी टेनिस बॉलशिवायचं रॉकेट. नाकापासून मोजलं तर तोल साडेएकोणतीस सेंटीमीटरवर, आणि पुठ्ठ्याचा तोलही साडेएकोणतीसवर. खडूच्या दोन रेघा एकावर एक. म्हणून त्या कोलांट्या! वाऱ्याला नाक वळवायचंही कारण नव्हतं आणि शेपूट वळवायचंही नव्हतं. मग बॉल घातला. तोल सरकून 21 वर आला, पुठ्ठा होता तिथेच. मध्ये साडेआठ सेंटीमीटर. जाणकार म्हणतात, हे अंतर निदान रॉकेटच्या जाडीइतकं हवं, आणि आमच्या बाटलीची जाडी पावणेअकरा. मी सनपॅकचे पंख मागच्या बाजूनं वाढवून नव्यानं कापले, तोंडाच्याही मागे जातील असे. अंतर अकरावर आलं.

पुठ्ठ्याची युक्ती अतिसावध आहे, हेही सांगायला हवं. वारा अगदी काटकोनात बाजूनं लागला तर काय होईल ते ती सांगते. उडताना रॉकेट थोडंसंच कलतं, आणि तेव्हा बाटलीच्या गुळगुळीत अंगापेक्षा पंखांचा जोर जास्त चालतो, म्हणजे खरा बिंदू आणखी मागे असतो. तो आकडेमोडीनं काढायची रीत जेम्स बॅरोमन या नासातल्या इंजिनिअरनं 1966 च्या सुमारास हौशी रॉकेटवाल्यांपुढे मांडली. आजही तीच वापरतात. भाचीनं तीही करून पाहिली. माझं मन पुठ्ठ्यावर.

आणखी एक परीक्षा उरली होती, दोरीची. रॉकेट तोलाच्या जागी सुतळीनं बांधायचं आणि डोक्यावर गोल फिरवायचं. नाक पुढे करून गेलं तर पास. यासाठी गच्ची लागणार, आणि मे महिन्यात गच्ची म्हणजे वाळवणं. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया साडीवर पसरलेल्या, शेजारी साबुदाण्याच्या पापड्या, राखणीला एक म्हातारी छत्री. भाची टाकीवर चढली. पहिल्या फेरीत रॉकेट आडवंच फिरलं, मला वाटलं झालं, पुन्हा पंख कापा. तिनं सुतळी लांब सोडली, वेग वाढवला, आणि एकदम, माझ्या डोळ्यांसमोर, नाक वळून पुढे आलं आणि तिथेच राहिलं. वाऱ्याचा घुमणारा आवाज, गोल फिरणारी सावली, कुरडयांवरून एक फेरी, माझ्यावरून एक फेरी. काकू जिन्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "ते पडलं ना, तर कुरडया तू घालून द्यायच्यास," त्यांनी बजावलं. पडलं नाही. दोरी आखूड असताना रॉकेटवरचा वारा वाकडा येतो, म्हणून चांगलं रॉकेटही नापास होऊ शकतं. पण इथे जे पास झालं ते आकाशात सहसा दगा देत नाही.

दरम्यान माझा एक प्रश्न तसाच होता. "पाणी तर बुडाशीच असतं की गं. सातशे ग्रॅम. माझा शाडू तर दीडशेच होता. मग पाण्यानं का नाही उलटं होत?"

तिनं वहीत हिशेब केला. साठ हवा, बाटलीचं तोंड 22 मिलिमीटर. सुटताना पाणी बाटलीला जवळजवळ 30 किलोच्या जोरानं ढकलतं आणि सगळंच्या सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत बाहेर पडतं. तोवर बाटली माझ्या छातीइतकीही उंच गेलेली नसते. त्या क्षणी तोल खाली असतो हे खरं, पण कलायला वेळच कुठे मिळतो? शिवाय सुरुवातीला ती पाइपाला धरून असते. मग पाणी संपतं, आणि ताशी 100 किलोमीटरच्या पुढच्या वेगानं एक रिकामी, दीडशे ग्रॅमची बाटली एकटी आकाशात उरते. पाच-सहा सेकंदांचं उड्डाण, त्यातलं रॉकेट असं फक्त निमिषभर. बाकी सगळा वेळ तो नुसता भिरकावलेला बाण. सांभाळायचं असतं ते त्या रिकाम्या बाटलीला.

मला हे वाचून नाही, मैदानावर पटलं. सकाळी साडेसहाला गेलो. पुण्यात मे महिन्यात त्या वेळी पान हलत नाही. काकांनी आपली खुर्ची खोलीच्या आत घेतली होती. भाचीनं पंप मारला, काटा साठावर आला, मी दोरी ओढली. मला ते सुटताना दिसलंच नाही. पायाशी पाण्याचा ढग, आणि वर पाहते तो चौथ्या मजल्याच्याही वर एक ठिपका, सरळ, जणू कुणी दोऱ्यानं वर ओढून घेतंय. अगदी वर पोचल्यावर क्षणभर रेंगाळलं, मग खाली यायला लागताच वाऱ्यानं त्याचं नाक खाली वळवलं आणि तसंच सरळ उतरलं. मैदानात टप्पा, बॉल टोपऱ्यातून सुटून गडगडत काकांच्या खोलीपर्यंत. काका बॉल घेऊन बाहेर आले. "पुन्हा करा," म्हणाले, "मी ह्या वेळी बघितलं नाही."

सात वेळा केलं.

त्याच दिवशी संध्याकाळी माझा हावरेपणा नडला. एवढ्या पंखांनी एवढं सरळ, तर दुप्पट पंखांनी किती? मी हातभर पंख कापले, पुठ्ठ्याच्या हिशेबात अंतर जवळजवळ दोन जाड्या. संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटलेला. मला वाटलं, वाऱ्यानं फार तर नदीच्या बाजूला जाईल, म्हणून मी त्या बाजूला भाचीला उभं केलं. रॉकेट पाइपातून निघालं आणि वाऱ्याच्या उलट, वारज्याकडे तोंड करून आडवं सुटलं. उंची शून्य, अंतर भरपूर. मैदानाची भिंत ओलांडून ते पलीकडच्या बंगल्याच्या आंब्यात अडकलं. त्या घरच्या आजोबांनी काठीनं काढून दिलं, सोबत चार कैऱ्या पडल्या त्या त्यांनी ठेवून घेतल्या.

चर्चच्या शिखरावरचा वातकुक्कुट, वाऱ्याची दिशा दाखवणारा तो पत्र्याचा कोंबडा, वाऱ्याकडे तोंड करतो, त्याचं शेपूट मोठं म्हणून. माझ्या रॉकेटनं तेच केलं. सुटताना वेग कमी, त्यात बाजूचा वारा. मोठ्या पंखांना तोच 'समोरचा' वारा वाटला आणि त्यांनी इमानेइतबारे नाक तिकडे फिरवलं. ब्लाऊज घट्ट बसावं म्हणून चारी बाजूंनी आत घेतलं की हात वर होत नाही, त्यातलाच प्रकार. आम्ही पुन्हा अकरावर आलो आणि संध्याकाळी उडवायचं सोडलं.

जूनमध्ये भाची गेली. स्वारगेटला एसटीत रॉकेट मांडीवर घेऊन बसली. कंडक्टरनं पंखांकडे बघून अर्धं तिकीट लागेल म्हणून चेष्टा केली. पाइप, पंप आणि कैऱ्यांचा हिशेब माझ्याकडे राहिला. पुठ्ठ्याचा आकारही राहिला, मशिनच्या वरच्या खिळ्याला, बाकीच्या पेपर कटिंगांबरोबर.

परवा एक नवीन बाई माप द्यायला आल्या. खिळ्यावरची कटिंगं चाळता चाळता त्यांनी तो पुठ्ठा काढला, उलटा केला, सुलटा केला.

"ही कुठल्या फॅशनची बाही हो? आणि ह्या मधल्या दोन रेघा?"

"पुढची वजनाची," मी म्हटलं, "मागची वाऱ्याची."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुठ्ठा परत अडकवला. "माझा गळा मात्र मागून जरा मोठा ठेवा."